नाव होईल!

कॅमेरा विकत घेतला की आपल्याला नातेवाईक किती आहेत, याचा पहिल्यांदा शोध लागतो. माझा आग्फा क्लिक थ्री घरात आला आणि दोन महिन्यांत तीन बारशी, दोन मुंजी आणि एका सत्यनारायणाचं आमंत्रण आलं. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ : "येताना कॅमेरा आण हो!" रोल माझा, धुण्याचा खर्च माझा. एका रोलमध्ये फोटो बारा, त्यांतले आठ मामींचे. एकदा चाचरत पैशांचा विषय काढला, तर मामा म्हणाले, "पैशाचं काय घेऊन बसलास? नाव होईल!" पुढे एका मंडळाच्या स्मरणिकेत माझे सहा फोटो छापून आले. खाली नाव टाकायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून मी यूजेन आत्जे या फ्रेंच गृहस्थांचा भक्त झालो. जन्म १८५७चा. नट म्हणून जमलं नाही, तेव्हा त्यांनी कॅमेरा उचलला. पॅरिसमध्ये दारावर पाटी लावली : 'कलावंतांसाठी दस्तऐवज'. चित्रकाराला झाड हवं? हे घ्या झाड, टाका पैसे. कारागिराला जुन्या दाराची कडी हवी? तीही तयार. लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा खांद्यावर घेऊन हा माणूस जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, जिने, दुकानं टिपत हिंडे. ग्रंथालयं आणि संग्रहालयंही त्यांची गिऱ्हाइकं होती. १९२० साली तर त्यांनी २६००हून अधिक काचा सरकारला १०,००० फ्रँकांना विकल्या आणि मग व्हर्साय, सँ-क्लूच्या बागांत मनासारखे फोटो काढत राहिले.

१९२६ साली त्याच रस्त्यावर राहणाऱ्या मॅन रे यांनी आत्जेंचा एक फोटो अतिवास्तववाद्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठासाठी मागितला. आत्जे म्हणाले, नाव घालू नका. हे नुसते दस्तऐवज आहेत. दाम हवा, नाव नको! आमचे मामा तिथे असते तर घेरी येऊन पडले असते.

पैसे घेतले की कला बाटते, असं फुकट नेणारेच फार सांगतात. आत्जेंनी पैसे घेतले, म्हणूनच त्यांना कुणाच्या मामींचे फोटो काढावे लागले नाहीत. १९२७ साली ते गेले. उरलेला संग्रह बेरेनिस ॲबट या तरुण छायाचित्रकार बाईंनी विकत घेऊन सांभाळला. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला. नको म्हणणाऱ्याचं नाव झालं ते असं.

परवा भाचा नवा कॅमेरा घेऊन आला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा! रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. येताना आण हो!"

"आणतो की," म्हणत त्याने शांतपणे छापील दरपत्रक पुढे ठेवलं.

मी आगाऊ पैसे दिले. जिभेवर आलेलं 'नाव होईल' मात्र चहाबरोबर गिळावं लागलं.