खिशातली अवजारपेटी : पंचवटीच्या चंचीपासून ओझरच्या तपासणीपर्यंत

नाशिक, प्रतिनिधी – रामकुंडावरील विधी आटोपून, काळारामाचे दर्शन घेऊन ओझर विमानतळाकडे निघालेल्या यात्रेकरूच्या हातातील पिशवीत साधारणतः काय असते? प्रसादाचा पुडा, देवघरासाठी घेतलेले पळी-पंचपात्र आणि घरातील ज्येष्ठांसाठी आवर्जून घेतलेला एखादा अडकित्ता. शिवाय किल्ल्यांच्या जुडग्याला वर्षानुवर्षे अडकवलेला, मालकाच्याही विस्मरणात गेलेला बोटभर लांबीचा घडीचा चाकू. पंचवटीपासून ओझर सुमारे वीस किलोमीटरवर आहे. मात्र तेथील तपासणी यंत्रापाशी पोहोचताच या दोन निरुपद्रवी वस्तूंचे रूपांतर ‘धारदार वस्तूं’त होते आणि विमान सुटण्याच्या घाईत त्यांचा निरोप घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वस्तू आठवणीची असेल, तर किमतीपेक्षा ही हानी मोठी ठरते. खिशात मावणारे बहुपयोगी अवजार निवडताना व ते घेऊन विमानप्रवास करताना काय पाहावे, याचा हा आढावा.

परंपरा जुनीच

एका हातात मावणारी अनेक साधने ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पान-सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता अशी सारी सामग्री निरनिराळ्या कप्प्यांत सांभाळणारी चंची ही एका अर्थाने आपली खिशातली पेटीच होती. एकाच कडीत ओवलेली दातकोरणे व कानकोरणेही जुन्या पिढीने वापरली. अडकित्ता तर यंत्रशास्त्राचा सुबक नमुना होय. एका टोकाला बिजागरी, मध्ये सुपारी आणि दुसऱ्या टोकाला हाताचा दाब, अशी ही तरफ असल्याने थोड्या जोरातही कठीण सुपारी कातरली जाते. कन्नडमध्ये सुपारीला ‘अडके’ म्हणतात व अडकित्ता हा शब्द तिकडूनच मराठीत आला, असे मानले जाते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे नाना आकार पाहावयास मिळतात. तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिकही पूर्वापार प्रसिद्ध आहे. पंचवटीतून नदी ओलांडली की लागणारा भांडी बाजार आजही त्याची साक्ष देतो.

सैनिकाच्या झोळीतून जगाच्या खिशात

आधुनिक बहुपयोगी चाकूचा उगम स्वित्झर्लंडमधला. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख येथे सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला सैनिकी चाकू पुरविण्यास प्रारंभ केला. रायफल उघडण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर व डबाबंद अन्नासाठी डबा फोडण्याचे पाते, ही सैनिकाची गरज त्यामागे होती. १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी अधिक हलका चाकू नोंदविला. तोच पुढे ‘स्विस आर्मी नाइफ’ या नावाने जगभर पोहोचला. एल्सनर यांच्या मातेचे नाव व्हिक्टोरिया. त्याला ‘न गंजणारे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे लघुरूप ‘इनॉक्स’ जोडून १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव सिद्ध झाले. या कंपनीच्या ‘क्लासिक’ या ५८ मिलिमीटरच्या चाकूत पाते, कात्री, नखे घासण्याची कानस, चिमटा व दातकोरणे सामावलेले असते. चंचीच्या जमान्यातील दातकोरण्याने परदेशातही आपली जागा राखली, ही गमतीची बाब म्हणावी लागेल.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. टिम लेदरमन हे १९७५ मध्ये जुन्या फियाट मोटारीने युरोपचा प्रवास करीत होते. मोटार वारंवार बिघडे आणि जवळच्या चाकूला पक्कड नसल्याची उणीव भासे. त्या अडचणीतून पक्कड केंद्रस्थानी असलेले घडीचे अवजार जन्मले आणि १९८३ मध्ये पोर्टलंड येथे कंपनी उभी राहिली.

निवड कशी करावी?

शहरी माणसाची रोजची गरज मर्यादित असते. पार्सलचा दोरा कापणे, चष्म्याचा सैल स्क्रू आवळणे, बाटलीचे झाकण काढणे, बोटात रुतलेली कुसळ उपटणे यापलीकडे ती क्वचितच जाते. म्हणून वीस-पंचवीस साधनांच्या जाडजूड अवजारापेक्षा पाच-सात साधनांचे हलके अवजार अधिक उपयोगी पडते. जड वस्तू खिशातून लवकरच कपाटात जाते. खरेदी करताना प्रत्येक साधन नखाने उघडून पाहावे. उघडल्यावर ते डुगडुगता कामा नये आणि मिटताना बोटावर आपटता कामा नये. कात्रीने कागदाबरोबर सुती दोराही कापून पाहावा. स्क्रू ड्रायव्हरचे टोक मऊ पोलादाचे असल्यास ते लवकर झिजते व स्क्रूची खाच बिघडवते. पावसाळ्यात बिजागरीत ओल साचते. महिन्याकाठी कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून तेलाचा एक थेंब सोडल्यास अवजार वर्षानुवर्षे टिकते.

‘विमानप्रवासास योग्य’ म्हणजे काय?

अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात अपहरणकर्त्यांनी छोट्या पात्यांचा वापर केल्याचे उघड झाले आणि जगभर केबिनमध्ये चाकू नेण्यास बंदी आली. चाकू उत्पादकांना त्याचा मोठा फटका बसला. त्यानंतर पाते वगळून केवळ कात्री, चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, छोटी पक्कड असलेली अवजारे बाजारात आली. वेष्टनावर ती विमानप्रवासास योग्य असल्याचे छापलेले असते. परंतु कोणत्या देशाच्या नियमानुसार, हा प्रश्न ग्राहक विचारत नाही आणि नेमकी येथेच फसगत होते.

अमेरिकेत चाकूला केबिनमध्ये मज्जाव आहे. मात्र सात इंचांपर्यंतची हातअवजारे आणि बिजागरीपासून चार इंचांहून कमी पात्याची कात्री नेता येते. तेथे २०१३ च्या मार्चमध्ये सहा सेंटिमीटरपर्यंतच्या चाकूंना मुभा देण्याची घोषणा झाली होती. विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे ती जूनमध्ये मागे घेण्यात आली. युरोपीय संघाच्या नियमात सहा सेंटिमीटरहून लांब पात्यावर बंदी आहे.

भारतातील नियम याहून कडक आहेत. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या यादीनुसार चाकू, वस्तरा-ब्लेड व टोकदार धातूची कात्री केबिनमध्ये निषिद्ध आहेत. इतकेच नव्हे, तर स्क्रू ड्रायव्हर, पाना, पक्कड ही अवजारेही हाताच्या सामानात चालत नाहीत. अर्थात, अमेरिकी नियमांना धरून ‘योग्य’ ठरविलेले बिनपात्याचे अवजारही त्यातील पक्कड वा स्क्रू ड्रायव्हरमुळे आपल्याकडे अडविले जाऊ शकते. हीच सारी साधने विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात मात्र ठेवता येतात. अडकित्त्यालाही पाते असल्याने त्याची जागा तेथेच समजावी.

जमिनीवरचा कायदा

शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांचा समावेश शस्त्रांत होतो. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक वापरासाठी बनविलेली साधने त्यातून वगळली आहेत. खिशातले अवजार या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. तथापि, सण, मिरवणुका वा निवडणुकांच्या काळात पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये सुरे व तत्सम वस्तू बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढतात. गोदाकाठी २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. अशा बंदोबस्ताच्या दिवसांत गर्दीत जाताना पात्याचे अवजार घरी ठेवणेच श्रेयस्कर.

निघण्यापूर्वी एवढे करा

* आदल्या रात्री किल्ल्यांचे जुडगे, पर्स व लॅपटॉपच्या पिशवीचे सर्व कप्पे रिकामे करून पाहावेत. विसरलेले अवजार बहुधा तेथेच सापडते.
* केवळ हाताचे सामान घेऊन जाणार असल्यास अवजार घरी ठेवावे.
* सामान विमानाच्या पोटात जाणार असल्यास पाते मिटवून, कापडात गुंडाळून अवजार मध्यभागी ठेवावे.
* काडेपेटी व लायटर आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या सामानात वर्ज्य आहेत. पॉवर बँक मात्र हाताच्या सामानातच ठेवावी लागते.
* तपासणीत वस्तू अडविली गेल्यास वाद घालू नये. निर्णय तेथील सुरक्षा अधिकाऱ्याचा असतो. वेळ असेल तर परत जाऊन ती मोठ्या सामानात देता येईल का, हे विमान कंपनीच्या खिडकीवर विचारावे किंवा पोचवायला आलेल्या आप्ताच्या हवाली करावी.
* परतीचा प्रवास दुसऱ्या देशातून असेल, तर तेथील नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

आजोबांच्या चंचीतला अडकित्ता असो वा पहिल्या पगारातून घेतलेला स्विस चाकू, अशा वस्तूंची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही. वेष्टनावरील दोन शब्दांवर विसंबण्यापेक्षा आदल्या रात्री पिशवी एकदा उलटी करून पाहण्याचे कष्ट घेतलेले बरे.