पुढच्या महिन्यात काय वाचायचे?

नोव्हेंबर १९४८. अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या विज्ञानकथा मासिकात वाचकांच्या पत्रांमध्ये एक अजब पत्र छापून आले. पत्रलेखकाने एका अंकातल्या कथांना क्रमांक दिले होते आणि कोणती आवडली, कोणती तितकीशी जमली नाही, ते लिहिले होते. यात नवल काहीच नव्हते, अशी पत्रे दर महिन्याला येत. नवल होते ते तारखेचे. हा वाचक ज्या अंकाबद्दल लिहीत होता, तो होता नोव्हेंबर १९४९ चा, म्हणजे आणखी एका वर्षाने निघणारा! कथांची नावे, त्यांचे लेखक, त्यांचे गुणदोष, सारे त्याने आपल्या मनाने रचले होते.

या पत्राचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगतो. पण आपण काय वाचणार, काय वाचले आणि ते कसे वाटले, हे एकमेकांना दर महिन्याला कळवण्याची या वाचकांची सवय आली कुठून? तिचा इतिहास आपल्या शिक्षकांच्या कामाचा आहे, म्हणून आधी तो पाहू.

पत्राखालचा पत्ता

ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. १८८४ सालचा जन्म. १९०४ मध्ये तो अमेरिकेत आला आणि विजेच्या व बिनतारी संदेशवहनाच्या साहित्याचा व्यापार करू लागला. १९०८ मध्ये त्याने ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक काढले. अशा तांत्रिक मासिकांत तो अधूनमधून विज्ञानकथाही छापत असे. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे इंग्रजीतले पहिले मासिक. किंमत २५ सेंट. गोष्टीच्या ओघात वाचकाला थोडे विज्ञान शिकवावे, अशी गर्न्सबॅकची कल्पना होती.

जानेवारी १९२७ पासून त्याने ‘डिस्कशन्स’ नावाचे पत्रांचे सदर सुरू केले. वाचक तिथे कथांमधल्या विज्ञानाची तपासणी करू लागले. अमुक ग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी असेल तर नायक इतक्या सहज चालतो कसा? इतक्या वेगाने निघालेल्या यानातली माणसे जिवंत राहतील का? असे प्रश्न येत आणि त्यांवर वाद झडत. पण या सदरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि संपूर्ण पत्ता छापलेला असे.

एखाद्या लहान गावात अशा कथा वाचणारा मुलगा बहुधा एकटाच असे. घरचे लोक त्या कथांना खुळचटपणा समजत. आता त्याला कळले, की चार गावे पलीकडे आपल्यासारखाच आणखी एक जण आहे. संपादकाला लिहिलेले पत्र वाचून एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला परस्पर पत्र पाठवायचे, असे सुरू झाले. तू काय वाचलेस? तुझ्याकडे कोणता जुना अंक आहे? पुढच्या महिन्यात कोणाची कथा येते आहे?

हे प्रश्न हौसेपुरते नव्हते. ही मासिके लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापली जात. महिनाभर ती पेपरवाल्याच्या दुकानात दिसत आणि मग नाहीशी होत. सार्वजनिक ग्रंथालये सहसा ती ठेवत नसत. क्रमशः छापलेल्या कथेचा एक भाग चुकला, तर तो मिळवायचा कुठून? इंग्लंडमध्ये तर याहून बिकट अवस्था होती. अमेरिकेत न खपलेले अंक जहाजातून तिकडे जात आणि वूलवर्थच्या दुकानांत तीन पेन्सला विकले जात. आर्थर क्लार्क हा पुढे प्रसिद्धीस आलेला लेखक मुलगा असताना असेच अंक मिळवून वाचत असे. असे उरलेसुरले अंक क्रमाने मिळतील, अशी खात्री कोण देणार? तेव्हा कोणाजवळ काय आहे आणि त्यात वाचण्याजोगे काय आहे, हे समजण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे दुसऱ्या वाचकाची यादी.

पत्रांतून मंडळे

पत्रांतून मंडळे उभी राहिली. ११ डिसेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्सीअर्स’ नावाचे मंडळ स्थापन झाले. त्याचा पहिला अध्यक्ष वॉरेन फिट्झगेराल्ड हा कृष्णवर्णीय होता आणि सुरुवातीच्या सभा हार्लेममधल्या त्याच्या घरी भरत. बाकीचे सभासद बहुतेक गोरी मुले. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या मुलांनी कृष्णवर्णीय माणसाच्या अध्यक्षतेखाली, त्याच्याच घरी जमावे, ही साधी गोष्ट नव्हती.

१९३० मध्ये ‘सायन्स करस्पाँडन्स क्लब’ने ‘द कॉमेट’ हे पत्रक काढले. वाचकांनी वाचकांसाठी काढलेले हे पहिले विज्ञानकथा-नियतकालिक मानले जाते. सर्वसामान्यांत विज्ञानाचा प्रसार करणे हा या क्लबचा उद्देश होता. १९३२ साली क्लीव्हलँडच्या जेरोम सीगल या विद्यार्थ्याने असेच एक हस्तउद्योगी मासिक काढले. त्यातली चित्रे काढणारा त्याचा मित्र म्हणजे जो शस्टर. याच जोडीचा ‘सुपरमॅन’ १९३८ मध्ये जगापुढे आला.

१९३४ मध्ये गर्न्सबॅकने ‘सायन्स फिक्शन लीग’ सुरू केली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातही एक निघाली. ३ जानेवारी १९३७ रोजी तिथे विज्ञानकथा वाचणाऱ्यांचे संमेलन भरले. उपस्थिती जेमतेम वीसेक. त्यांत तरुण आर्थर क्लार्क होता. तो ‘ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी’ या १९३३ साली स्थापन झालेल्या संस्थेचाही सभासद होता. पृथ्वीभोवती एकाच जागी स्थिर भासणारे तीन उपग्रह सोडून साऱ्या जगात संदेशवहन करता येईल, हे त्याने १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडले.

जिलेटिनचा छापखाना

या मुलांपाशी पैसा नव्हता. तो जागतिक मंदीचा काळ होता. मग छपाई कशी करायची? शाळेत प्रश्नपत्रिकांसाठी सायक्लोस्टाइल वापरलेल्या शिक्षकांना याचे उत्तर ठाऊक आहे. पण त्याहून स्वस्त उपाय होता हेक्टोग्राफचा. पसरट ताटात जिलेटिन आणि ग्लिसरीन यांचा थर ओतून गोठवायचा. ॲनिलीन रंगाच्या शाईने कागदावर मजकूर लिहायचा आणि तो कागद त्या थरावर पालथा दाबायचा. रंग जिलेटिनमध्ये उतरतो. मग एकेक कोरा कागद थरावर ठेवून उचलला, की त्यावर थोडा थोडा रंग येतो. जांभळ्या अक्षरांच्या पन्नासेक प्रती निघतात, पुढे अक्षर फिकट होत जाते.

पन्नास प्रती म्हणजे पन्नास वाचक. डोनाल्ड वोल्हाइमने १९३७ साली याच हिशेबावर एक संस्था उभी केली. प्रत्येक सभासदाने आपले पत्रक स्वतः छापायचे आणि सर्व सभासदांना पुरतील इतक्या प्रती एका ठरलेल्या व्यक्तीकडे पाठवायच्या. ती व्यक्ती प्रत्येकाची एकेक प्रत घेऊन गठ्ठे बांधणार आणि वर्षातून चार वेळा घरोघर पाठवणार. पुढच्या गठ्ठ्यात प्रत्येक जण आधीच्या गठ्ठ्यातल्या मजकुरावर आपले मत लिहीत असे. त्यामुळे लिहिणारा हाच वाचणारा आणि वाचणारा हाच टीकाकार, अशी ती व्यवस्था झाली.

सरासरी काढणारे वाचक

१९३७ च्या अखेरीस ‘अस्टाउंडिंग’च्या संपादकपदी जॉन कॅम्पबेल आला. पदार्थविज्ञान शिकलेला हा माणूस. त्याने १९३८ पासून दोन सदरे चालवली. एकात पुढच्या अंकात काय येणार ते सांगितलेले असे. दुसऱ्याचे नाव ‘ॲनालिटिकल लॅबोरेटरी’. वाचकांनी अंकातल्या कथांना पसंतीक्रम द्यायचा आणि संपादकाने त्यांची सरासरी छापायची.

समजा, तीन पत्रे आली. एका कथेला त्यांनी १, २, १ असे क्रमांक दिले. बेरीज ४, सरासरी १.३३. दुसऱ्या कथेला २, १, ३ मिळाले. बेरीज ६, सरासरी २. ज्या कथेची सरासरी कमी, ती अधिक आवडलेली. हिशेब चौथीच्या मुलाला जमावा असा आहे. पण त्यामुळे वाचकाचे मत लेखकापर्यंत आकड्याच्या रूपात पोचू लागले. नंतरच्या काळात पहिल्या आलेल्या कथेला जादा मोबदलाही मिळे.

अशी क्रमवार पत्रे लिहिणाऱ्यांत ब्रुकलिनचा एक मुलगा होता, आयझॅक ॲसिमॉव्ह. त्याच्या वडिलांचे गोळ्या-चॉकलेट आणि मासिके विकण्याचे दुकान होते. असली मासिके मुलाने वाचू नयेत, असे वडिलांचे मत. पण १९२९ मध्ये आलेल्या एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द होता, त्या बळावर परवानगी मिळाली! मे १९३८ मध्ये नेहमीच्या दिवशी ‘अस्टाउंडिंग’ दुकानात आले नाही. मासिक बंद पडले की काय, या धास्तीने तो भुयारी रेल्वेने थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेला. तिथे कळले, की अंक निघण्याचा वार तेवढा बदलला आहे. मात्र त्या धास्तीने त्याला अर्धवट राहिलेली कथा पुरी करायला लावले. २१ जून १९३८ रोजी तो ती घेऊन कॅम्पबेलला भेटला. संपादक त्याच्याशी तासभर बोलला. कथा नाकारली गेली, पण ती का जमली नाही ते संपादकाने पत्रातून समजावले. मार्च १९३९ च्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये त्याची पहिली कथा छापून आली.

दार कोणासाठी बंद?

हे सारे गोडच होते असे नाही. विज्ञानकथेत स्त्रिया आणि प्रेमप्रकरणे नकोत, असे ॲसिमॉव्हने याच पत्रांतून हिरिरीने मांडले होते. एका वाचक मुलीने त्याच सदरातून त्याला ठणकावून उत्तर दिले. हा मुलग्यांचा अड्डा आहे, असे मानणाऱ्यांना तिथे मुलीही वाचताहेत हे पत्रांमुळेच कळले. पुढे १९४१ मध्ये याच ॲसिमॉव्हने सुसान कॅल्विन ही यंत्रमानवांची मानसशास्त्रज्ञ निर्माण केली. त्याच्या कथांमधल्या सर्वांत बुद्धिमान पात्रांपैकी ती एक आहे.

२ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन सुरू झाले. त्यात आयोजकांनी सहा जणांना दारातच अडवले. कारण काय, तर गटबाजी आणि जुनी भांडणे. अडवलेल्यांत वोल्हाइम होता आणि फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ हे पुढचे नामवंत लेखकही होते. टपालात ज्याचे पत्र घेतले जाते, त्याला सभागृहात घेतले जाईलच असे नाही, हे त्या दिवशी दिसले.

तरीही यादी करण्याची सवय टिकली आणि तिला विद्वत्तेचे रूप आले. १९४८ मध्ये एव्हरेट ब्लायलरची अद्भुत साहित्याची सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच हजारांहून अधिक पुस्तके होती. १९५२ मध्ये डोनाल्ड डे याने १९२६ ते १९५० या काळातल्या विज्ञानकथा मासिकांची सूची पोर्टलंडहून प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी ज्याकडे दुर्लक्ष केले, ते काम वाचकांनी आपल्या वेळात केले. आजचे अभ्यासकही या सूचींपासून सुरुवात करतात.

ते पत्र

आता त्या १९४८ च्या पत्राकडे वळू. कॅम्पबेलने ते छापले आणि कोणाला काही न बोलता कामाला लागला. पत्रातल्या लेखकांना त्याने गाठले आणि त्या त्या नावाची कथा मागितली. रॉबर्ट हाइनलाइनच्या वाट्याला आले ‘गल्फ’ हे नाव. कथा काय लिहावी? मंगळवासीयांनी वाढवलेल्या माणसाच्या मुलाची गोष्ट लिही, असे त्याच्या पत्नीने सुचवले. ती कल्पना या कथेत मावणारी नव्हती, म्हणून त्याने बाजूला ठेवली आणि ‘गल्फ’साठी दुसरीच कथा लिहिली. बाजूला ठेवलेल्या कल्पनेची कादंबरी १९६१ मध्ये निघाली, ती त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी ठरली.

नोव्हेंबर १९४९ चा अंक बाजारात आला. त्यात हाइनलाइन, ॲसिमॉव्ह, स्टर्जन, व्हॅन व्होग्ट, डी कँप, डेल रे अशी नावे होती. एकदोन तपशील सोडले, तर एका वाचकाने वर्षापूर्वी कल्पिलेला अंक त्याच्या हातात पडला होता.

शिक्षकांनी यातला साधा भाग आपल्या वर्गात करून पाहण्यासारखा आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने, या महिन्यात मी काय वाचणार, हे नावासह फळ्याशेजारी लावावे. महिनाअखेरीस वाचलेल्याला क्रमांक द्यावा आणि त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. सरासरी मुलांनीच काढावी. ‘छान आहे’ एवढा शेरा चालणार नाही, कारण हवे. मग ज्याची यादी आपल्या यादीशी जुळते असा एखादा मुलगा किंवा मुलगी मागच्या बाकावर निघते का, ते पाहावे. आणि एखाद्याने अजून न लिहिलेल्या पुस्तकाचे नाव यादीत लिहिले, तर ते खोडू नये. त्यात काय असेल, एवढे त्याला विचारावे.