त्रिलोक गुर्टू : तबल्याचे बोल आणि जॅझचा ठेका

त्रिलोक गुर्टू हे तबलावादक, ड्रमवादक आणि संगीतकार आहेत. हिंदुस्तानी तालविचार आणि जॅझ यांना जोडणाऱ्या मोजक्या भारतीय कलावंतांत त्यांचे नाव घेतले जाते. ‘फ्यूजन’ म्हणजे सतारीमागे ड्रम वाजवणे, असा एक समज आहे. गुर्टू यांची कारकीर्द नीट पाहिली की हा समज दूर होतो.

घरातले संगीत

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. आई शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. ठुमरी, दादरा, कजरी या गायनप्रकारांत त्यांचा मोठा अधिकार होता आणि ‘सामना’ या मराठी चित्रपटासाठीही त्या गायल्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांना अल्लादिया खाँ यांची तालीम मिळाली होती. अशा घरात त्रिलोक लहानपणीच तबला शिकले. ठुमरीच्या साथीत गाणाऱ्याचा शब्द ऐकून ठेका सांभाळावा लागतो. दुसऱ्याचे ऐकत वाजवण्याची ही सवय जॅझमध्येही तितकीच लागते.

ड्रमसेटची ओळख

पाश्चात्त्य संगीत त्यांनी सुरुवातीला ऐकून ऐकून आत्मसात केले. रेकॉर्डवर एकावर एक आवाज चढवलेले असतात, हे तेव्हा ठाऊक नसल्यामुळे अनेक भाग आपण एकट्यानेच वाजवायला शिकलो, असे त्यांनी १९९५ साली जिमी हेंड्रिक्सवरील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले होते. पुढे ते जमिनीवर गुडघे टेकून वाजवू लागले. त्यांच्या मांडणीत तबला, ड्रम आणि झांजा हाताशी असतात. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वळवणे ही त्यांची खास ओळख आहे.

दोन संगीते कुठे भेटतात?

तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन समेवर परत येते. जॅझमध्येही ठरलेल्या लांबीची चौकट, उदाहरणार्थ १२ किंवा ३२ मापांची, फिरून फिरून सुरुवातीला येते आणि तिच्या आत वादक उत्स्फूर्त वाजवतात. फरक असा की, जॅझची चौकट मुख्यतः स्वरसंगतीच्या क्रमावर उभी असते, तर आपली तालाच्या मात्रांवर. गुर्टू बोल तोंडाने म्हणतात, तेच ड्रमवर उतरवतात आणि एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणारी तिहाई जॅझच्या चौकटीत बसवतात. रागाची एखादी धून वरून चिकटवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण चूक झाली तर सगळा वाद्यवृंद समेवरून घसरतो.

कारकिर्दीचे टप्पे

‘ओरेगॉन’ या अमेरिकी गटातील कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवत. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाल्यावर ती जागा पुढे गुर्टू यांनी घेतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीतही ते होते. दरम्यान १९८८ मध्ये त्यांचा स्वतःचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम आला. त्यात शोभाताईंचा आवाज आणि डॉन चेरी यांचा ट्रम्पेट एकत्र ऐकू येतो. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) मध्ये ज्यो झाविनुल आणि पॅट मेथेनी आहेत. ‘ब्रोकन ऱ्हिदम्स’ (२००४) मध्ये तंतुवाद्यांची चौकडी आणि तुवा प्रांतातील गायकही आले.

अभ्यास कसा करावा?

आधी शोभा गुर्टू यांची एखादी ठुमरी ऐकावी आणि ठेक्याकडे लक्ष द्यावे. मग ‘उसफ्रेत’ ऐकावा. हाताने टाळी देत आवर्तन मोजले, तर ऐकणाऱ्याला सम सापडू लागते. त्यानंतर मॅकलॉफ्लिन त्रयीचे १९८९ च्या लंडनमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. केवळ तीन वादक असल्याने कोण कोणाला उत्तर देतो, हे तिथे स्पष्ट कळते.

शोभाताईंचे २००४ मध्ये निधन झाले. आईने ठुमरीची परंपरा सांभाळली आणि मुलाने ती सोडली, असे वरवर वाटू शकते. पण ‘उसफ्रेत’मध्ये आई गाते आणि मुलगा साथ करतो. साथीचे ते घरचे नाते तिथे तसेच आहे. भोवतीची वाद्ये तेवढी बदलली आहेत.