शून्य की 'ओ'? प्रोग्रॅमरने फॉन्ट कसा निवडावा

प्रतिनिधी, मुंबई

अंधेरीच्या सीप्झमध्ये, मालाड-पवईच्या आयटी कंपन्यांमध्ये किंवा मुलुंड-बोरिवलीतील घरच्या टेबलावर बसून दिवसाचे आठ-दहा तास प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य मॉनिटर, खुर्ची, चष्मा सारे पारखून घेतो. मात्र ज्या अक्षरांकडे तो दिवसभर पाहतो, ती अक्षरे बहुधा कोणीतरी आधीच निवडून ठेवलेली असतात. एडिटर उघडल्यावर जो फॉन्ट समोर येतो त्याच्यावरच वर्षानुवर्षे काम चालते. प्रोग्रॅम चालत नाही म्हणून नवशिका विद्यार्थी अख्खी संध्याकाळ चूक शोधत बसतो आणि शेवटी एकाच्या जागी इंग्रजी स्मॉल 'एल' टंकित झाल्याचे उघड होते, तेव्हा दोष सहसा त्याच्या नजरेला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा फॉन्टचा असतो.

या गोंधळाचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. जुन्या इंग्रजी यंत्रांपैकी अनेकांवर एक या अंकाची कळच नसे. टायपिस्ट स्मॉल 'एल' वापरीत. काही यंत्रांवर शून्याचे काम कॅपिटल 'ओ' करी. कागदावर वाचणारा माणूस असल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढे कित्येक दशके सरकारी कचेऱ्यांमध्ये त्याचाच खडखडाट ऐकू येई. यंत्राचा गाडा प्रत्येक कळीला सारखाच सरकत असल्याने सर्व अक्षरांची रुंदी सारखी ठेवावी लागे. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५०च्या दशकात रेखाटलेला 'कुरिअर' हा याच जातीचा.

यंत्रे गेली, समान रुंदी मात्र प्रोग्रॅमरने टिकवली आणि त्याला सबळ कारण आहे. पायथॉनसारख्या भाषेत ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो. एक जागा कमी-जास्त झाली तरी प्रोग्रॅम अडतो किंवा, त्याहून वाईट, न अडता चुकीचे उत्तर देतो. अक्षरे समान रुंदीची असली की रकाने एकाखाली एक येतात आणि सरकलेली ओळ चटकन नजरेत भरते.

फॉन्ट पारखण्याची रीत सोपी आहे. एडिटरमध्ये शून्य, कॅपिटल 'ओ' आणि स्मॉल 'ओ' शेजारीशेजारी लिहावेत. खालच्या ओळीत एक, स्मॉल 'एल', कॅपिटल 'आय' आणि उभी रेघ. त्याखाली स्वल्पविराम व पूर्णविराम, तसेच गोल, महिरपी व चौकोनी कंस. मग खुर्ची हातभर मागे सरकवून वाचावे. जिथे अडखळायला होते तो फॉन्ट बाद. विंडोजवरील 'कुरिअर न्यू' या परीक्षेत हमखास नापास होतो: त्याच्या शून्यात कोणतीही खूण नाही आणि पडद्यावर त्याच्या रेषा फार बारीक उमटतात. २००७ साली व्हिस्टाबरोबर आलेल्या 'कन्सोलाज'च्या शून्यातून तिरपी रेघ जाते. अडोबीचा 'सोर्स कोड प्रो' (२०१२) शून्याच्या पोटात टिंब देतो. 'देजावू सॅन्स मोनो' आणि 'जेटब्रेन्स मोनो' (२०२०) हेही चांगले आहेत. कन्सोलाज विंडोजबरोबरच येतो, बाकीचे तिन्ही फुकट उतरवून घेता येतात. तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. यांपैकी कोणता, हा शेवटी आवडीचा प्रश्न. प्रस्तुत प्रतिनिधीची पसंती देजावूला आहे.

'फिरा कोड'सारखे काही फॉन्ट दोन-तीन चिन्हे जोडून एकच खूण दाखवतात. आपल्याला जोडाक्षरांची सवय असल्याने हे नवलाचे वाटत नाही. परंतु शिकणाऱ्याला कळफलकावर नेमके काय दाबायचे ते त्यातून दिसत नाही. त्याने ही सोय बंद ठेवलेलीच बरी.

इथवरचा सल्ला जगात कुठेही लागू पडेल. मराठी माणसाची खरी अडचण पुढे आहे. प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर आला की वर सांगितलेले बहुतेक फॉन्ट हात वर करतात, कारण त्यांत देवनागरी नाही. मग संगणक दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरे उसनी आणतो. विंडोजवर २००० सालापासून हे काम 'मंगल' करी. विंडोज ८ पासून (२०१२) ते 'निर्मला यूआय'कडे गेले. मंगलचे रेखाटनकार र. कृ. जोशी हे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आताच्या सी-डॅकमध्ये, भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करत. २००८ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे जगभरच्या विंडोज संगणकांवर मराठी ज्या अक्षरांत वाचली गेली, ती अक्षरे या उपनगरांत वावरलेल्या माणसाच्या हातची होती.

देवनागरीला समान रुंदीचा साचा मानवत नाही. 'र' आणि 'क्ष' एकाच मापात कोंबले तर एक पोकळ दिसतो, दुसरा घुसमटतो. तेव्हा तो हट्ट सोडून एडिटरच्या फॉन्टच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन दोन नावे लिहावीत: आधी समान रुंदीचा इंग्रजी फॉन्ट, मग सुवाच्य देवनागरी. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' त्यासाठी उत्तम आणि विनामूल्य आहे. ओळींमधील अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावे, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात.

यानंतरही काही फसवी अक्षरे उरतात. देवनागरी शून्य इंग्रजी 'ओ'सारखे दिसते. पायथॉन मजकुरातील मराठी आकड्यांचे अंकांत रूपांतर बिनतक्रार करतो, जावास्क्रिप्ट मात्र ते आकडेच मानत नाही. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन देण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. जी यादी कोलनपाशी तोडायची असेल, तिथे हा शब्द मधोमध तुटतो. दंड आणि उभी रेघ यांचेही तेच.

सर्वांत अवघड प्रकार 'कुऱ्हाडे' या आडनावाचा. त्यातला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'र' आणि हलन्त यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावे वाटतात. एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीत नाव एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने झाला, तर रुग्णाचा जुना कागद सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही हा भेद मिटवत नाही. कोणताही फॉन्ट ही चूक दाखवू शकणार नाही. त्यासाठी व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये २०२१ अखेरीस आलेली अदृश्य व संशयास्पद चिन्हे ठळक करण्याची सोय चालू ठेवावी आणि मजकूर साठवण्यापूर्वी एका रीतीचे दुसऱ्या रीतीत रूपांतर करणारी ओळ प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहावी.