हेमाद्री आणि मुखलेप : तारुण्यपिटिकांच्या चिकित्सेचा विसरलेला अर्धा भाग

१/ हेमाडपंत म्हटले की चुन्याविना रचलेली काळ्या पाषाणाची देवळे डोळ्यांपुढे येतात. नांदेड-लातूरकडे तर कोणतेही जुने देऊळ ‘हेमाडपंती’ ठरते; देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे त्याच्या आधीची असली, तरीही. त्याचे एक काम मात्र क्वचितच आठवले जाते. त्याने वैद्यकग्रंथावर टीका लिहिली. #धागा

२/ हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र (१२७१–१३११) या राजांच्या दरबारी तो होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ धर्मशास्त्रात प्रसिद्ध आहे. ‘आयुर्वेदरसायन’ ही त्याची टीका वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर आहे.

३/ अष्टांगहृदय साधारण ७ व्या शतकातले. सहा स्थाने, १२० अध्याय. हेमाद्रीची टीका आज सर्व ग्रंथावर उपलब्ध नाही, पण पहिल्या सूत्रस्थानावर आहे. १९३९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने हरिशास्त्री पराडकरांच्या संपादनाखाली ती अरुणदत्ताच्या टीकेसह छापली.

४/ आता विषयाकडे वळू. मुरुमांना वाग्भट ‘मुखदूषिका’ म्हणतो : तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या, घट्ट, दुखऱ्या, आत मेद असलेल्या पुळ्या. सुश्रुतानेही सावरीच्या काट्याचीच उपमा दिली आहे. त्याच्या मते कारण कफ, वात आणि रक्त. दोघांनीही हा विकार ‘क्षुद्ररोगां’त, म्हणजे किरकोळ रोगांत घातला, पण उपचार सांगायचे टाळले नाही.

५/ उपचार पायऱ्यांनी येतात. वाग्भट आधी लेप सांगतो : लोध्र, धने, वेखंड. सुश्रुताच्या लेपात वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी. लेपाने शमन झाले नाही, तर वाग्भटाच्या मते वमन, नस्य आणि कपाळावरील शिरेतून रक्त काढणे. ही शेवटची पायरी वैद्याची. घरी करून पाहण्याची नव्हे.

६/ पण लेप लावायचा कसा? त्याचे नियम रोगाच्या अध्यायात नाहीत. ते सूत्रस्थानाच्या २२ व्या अध्यायात आहेत, आणि त्या अध्यायावर हेमाद्रीची टीका आहे. तेथे मुखलेप तीन प्रकारचा : दोष हरणारा, विष हरणारा आणि वर्ण उजळणारा. जाडी अनुक्रमे पाव, तृतीयांश आणि अर्धा अंगुळ. वात-कफात तो उष्ण असावा, इतरत्र अतिशय शीतल.

७/ सर्वांत महत्त्वाचा नियम पुढे येतो. लेप ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना भिजवून काढावा, मग तेल लावावे. लेप असताना दिवसा झोप, बोलणे, आग, ऊन, शोक, क्रोध वर्ज्य. पडसे, अजीर्ण वा जागरण झालेल्याला तो लावूच नये.

८/ शिवाय सहा ऋतूंचे सहा लेप. हेमंतात लोध्र आणि पांढरी मोहरी असलेला. ग्रीष्मात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन यांचा. द्रव्य एकच आणि ते बाराही महिने, ही कल्पनाच या अध्यायात नाही.

९/ परंपरेतले काय उरले, हे येथे दिसते. आजच्या घरगुती उपायांत द्रव्यांची यादी टिकली. मात्रा, ऋतू, वेळ आणि निषेध गळून पडले. लेप कडक वाळून तडकेपर्यंत ठेवणे हे ‘पारंपरिक’ म्हणून सांगितले जाते. ग्रंथात नेमके तेच निषिद्ध आहे.

१०/ उलट दिशेनेही सावध असावे. ‘आत मेद’ हे शब्द वाचून वाग्भटाला तैलग्रंथी ठाऊक होत्या असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्याचा मेद हा सप्तधातूंपैकी एक. संप्रेरके आणि जिवाणू यांचा या विकारातील वाटा आधुनिक काळात कळला. आणि जुन्या त्वचालेपांत हरताळ, मनःशीळ हेही येतात. दोन्ही आर्सेनिकची खनिजे. जुने म्हणून निरुपद्रवी, असा न्याय नाही.

११/ जुना ग्रंथ वाचताना त्याला आजच्या विज्ञानाचा साक्षीदार करू नये आणि अडाणीही ठरवू नये. निरीक्षण नेमके असू शकते, कारणमीमांसा त्या काळाची असते, आणि उपचार आजच्या कसोटीवर स्वतंत्रपणे तपासावा लागतो. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की वाचन सुरू झाले.

१२/ नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. गोदाकाठच्या विष्णुपुरीत वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ग्रंथात ज्या ‘तरुणांचे मुख’ आहे, ते येथे रोज हजारोंनी दिसते. खोल, दुखरे, व्रण ठेवणारे मुरूम असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आणि इतिहासाची ओढ असेल, तर देवळांच्या पलीकडचा हेमाद्री ग्रंथालयात वाट पाहतो आहे. #मराठवाड्याचा_इतिहास