पहिल्या वर्षाचें विज्ञान

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गास विज्ञान शिकविणें हें काम आमच्यांत कमी प्रतीचें समजलें जातें. नव्या अध्यापकाच्या माथीं तें मारावें आणि अनुभवी मंडळींनीं वरच्या वर्गांकडे वळावें, असा शिरस्ताच पडून गेला आहे. उमेदवारीच्या काळांत मींही हें ओझें कुरकुरतच वाहिलें. म्हणून हार्वर्ड विद्यापीठांतील एका प्राथमिक अभ्यासक्रमाची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

जेम्स ब्रायंट कोनंट हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९३३ पासून १९५३ पर्यंत ते हार्वर्डचे अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या शास्त्रीय संशोधनाचीं सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं, त्यांपैकीं ते एक. १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पहिल्या अणुबाँबचा स्फोट झाला, तेव्हां ते तेथें हजर होते. एवढ्या सामर्थ्याचें काय करावयाचें, हें लोकशाहींत अखेर वकील, व्यापारी, संपादक व मतदार ठरविणार. परंतु विज्ञान कसें चालतें हें या मंडळींस कोणीं शिकविलें आहे? हा प्रश्न कोनंट यांनीं १९४६ सालीं येल विद्यापीठांतील व्याख्यानांत मांडला, आणि तीं व्याख्यानें पुढील वर्षीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.

त्यांचा उपाय साधा होता. सर्व शास्त्रांचा सारांश घोकून घेण्याऐवजीं दोनचार जुनीं प्रकरणें मुळापासून अभ्यासावीं. उदाहरणार्थ, शोषक पंपानें पाणी सुमारें ३४ फुटांपलीकडे चढत नाहीं, हें कारागिरांस ठाऊक होतें; कारण मात्र कोणासच सांगतां येईना. टॉरिसेलीनें पाण्याऐवजीं पारा घेतला. तो सुमारें ३० इंचांवर थांबला. हवेच्या भारानेंच तो तोलला जात असेल, तर उंचावर तो उतरला पाहिजे. १६४८ सालीं पास्कलच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी पुई द डोम पर्वतावर नेली, तों पारा सुमारें ३ इंच उतरलाच! पुढें बॉइलनें ती नळी हवापंपाच्या पात्रांत बसविली, आणि पात्रांतील हवा काढतां काढतां पारा खालीं येत गेला. तर्क, शंका, नवें उपकरण व पुन्हां नवा तर्क, ही साखळी विद्यार्थ्यास अशा रीतीनें प्रत्यक्ष दिसते.

या अभ्यासक्रमाच्या मदतीस कोनंट यांनीं टॉमस कून नांवाचा पदार्थविज्ञानाचा तरुण विद्यार्थी घेतला. गतिशास्त्राचा उगम समजावून देण्यासाठीं १९४७ सालीं कून अॅरिस्टॉटल वाचूं लागले. एवढा बुद्धिमान पुरुष गतीविषयीं असें असंबद्ध कसें लिहितो, हें त्यांस कळेना. पण एके दिवशीं एकदम उलगडा झाला: अॅरिस्टॉटलची ‘गति’ म्हणजे केवळ स्थलांतर नव्हे, तर सर्व प्रकारचा पालट होय! चूक लेखकाची नव्हती. वाचकाचा चष्मा निराळा होता. या अनुभवांतूनच १९६२ सालचा वैज्ञानिक क्रांतीविषयींचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ वाढला, आणि तो त्यांनीं कोनंट यांसच अर्पण केला.

तथापि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जपानवर पूर्वसूचना न देतां बाँब टाकावा, अशी शिफारस ज्या समितीनें केली, तिचे कोनंट हे सभासद होते. विज्ञान जाणल्यानें विवेक आपोआप येतो, असें मुळींच नाहीं. परंतु जो जाणत नाहीं, त्यास तज्ज्ञाच्या शब्दापुढें मान तुकवावी लागते किंवा तो शब्द झिडकारावा लागतो. त्याची पारख करणें त्याच्या हातीं उरत नाहीं.

आमच्याकडे दहावीनंतर कला शाखेकडे वळलेला विद्यार्थी बहुधा विज्ञानास कायमचा रामराम ठोकतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें शाखांमधील भिंती सैल करण्याचें योजिलें आहे; पण भिंतीस दार पाडलें तरी पलीकडे कोणी शिकविणारा उभा पाहिजे. नवशिक्यांस शिकवावें लागलें म्हणूनच कून यांस आपला विषय नव्यानें दिसला, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. यंदां पहिल्या वर्षाचा वर्ग मीं आपण होऊन मागून घेतला आहे.