मसाईचा सडा आणि पावनखिंडीची वाट

पन्हाळगडाच्या पश्चिमेला तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे पडले की चढ संपतो आणि मसाई पठार लागते. जांभ्या दगडाचा हा अफाट सडा जवळजवळ उघडाबोडका आहे. मातीचा थर पातळ असल्याने पावसाळ्यात जागोजाग पाणी साठते, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात, आणि धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. उन्हाळ्यात सरळ भासणारी पायवाट जुलैत गवतात बुडून जाते. नजर ठरावी अशी खूण म्हणजे मसाईदेवीचे देऊळ. पठाराच्या कुशीत पांडवदरा नावाने ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत, म्हणजे इथला माणसाचा वावर शिवकाळाच्या कितीतरी आधीचा.

1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि तो भर पावसातही ढिला होऊ दिला नाही. जुलैतल्या एका रात्री शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला, आणि शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले. परंपरेने त्यांची वाट मसाई पठारावरून गेली असे मानले जाते. चिखल, अंधार आणि धुके यांतून पालखी उचलून धावणाऱ्या भोयांचे कष्ट इतिहासात फार थोडक्यात उरकले जातात. पावसात हे पठार ओलांडल्याशिवाय ते उमगत नाहीत. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी पाठलाग अडवला व प्राण दिले. तीच आजची पावनखिंड. कासारी नदीचा उगमही तिथलाच.

या घटनेच्या स्मरणार्थ दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते. कोल्हापूरच्या गिर्यारोहण संस्थांनी ही प्रथा रुजवली आणि आता पुण्या-मुंबईहूनही जथे येतात. अंतर सुमारे 50 किलोमीटर, चाल साधारण दोन दिवसांची. पठारावरून उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या येतात. पुढे रिंगेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी. मुक्काम वाटेवरच्या एखाद्या वाडीत, कोणाच्या पडवीत नाही तर शाळेत पडतो. वाट खरी जपली आहे ती इथल्या गावकऱ्यांनी आणि धनगरांनी; धुक्यात कोणत्या ओढ्याला डावे घ्यायचे हे नकाशापेक्षा त्यांना पक्के ठाऊक असते.

ओसाड माळावर पायी जाण्याची अशीच ओढ इंग्लंडमध्ये वेगळ्या छंदाला जन्म देऊन गेली. डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे ग्रॅनाइटचे, दलदलीने भरलेले पठार. 1854 मध्ये चॅगफर्डचा वाटाड्या जेम्स पेरट याने तिथल्या क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. जो कष्टाने तिथवर पोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे. पुढे लोक तिकीट लावलेली पत्रे ठेवू लागले. नंतर येणारा ती घेऊन टपालात टाकी. म्हणून नाव पडले लेटरबॉक्सिंग. काही दशकांनी नोंदवही आणि रबरी शिक्का आला. 1976 मध्ये गॉडफ्री स्विन्स्को याने 15 पेट्यांचा नकाशा काढला, तेव्हा छंद झपाट्याने पसरला आणि पेट्या हजारांवर गेल्या. 100 शिक्के जमवणाऱ्यांचा क्लबही निघाला.

नवख्याला लागते ते थोडेच: होकायंत्र, नकाशा, स्वतःचा शिक्का, शाईची गादी आणि कोरी वही. दिलेल्या दिशा व खुणांवरून पेटी शोधायची, तिच्यातला शिक्का आपल्या वहीत आणि आपला तिच्यातल्या वहीत उमटवायचा, मग पेटी होती तशीच दगडाआड ठेवायची. भिंती आणि प्राचीन अवशेष हलवायचे नाहीत, हा डार्टमूरचा दंडक आहे.

हा छंद मसाईवर सुरू करायचा झाल्यास पहिली फेरी पावसाळ्यानंतर, आश्विन-कार्तिकात, पन्हाळा ते मसाईदेवी इतकीच ठेवणे शहाणपणाचे. पावसात जायचेच तर जाणकार वाटाड्या हवा, आणि जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ असावी. पेटी लेण्यांत किंवा देवळाच्या आवारात नको. सड्यावरची पातळ माती उकरणे किंवा कातळ फोडणे तर मुळीच नको, कारण तिथली फुले त्या बोटभर मातीवरच जगतात.